नेपल्सच्या आजीचे सरगुंडे

मले राग लवकर येते असं आमच्या घरी सगळेच म्हनतात. येते तं येते. ज्याइले येत नाई त्याइनं तरी असे कोनते दिवे लावले? माह्या नवऱ्याले, धर्मेंद्रले, जन्मात कधी राग आला नाई. त्याच्या मायचा भर हॉटेलात अपमान झाला, तवा हा मानूस टेबलावरच्या कागदी रुमालाच्या घड्या घालत बसला होता. घडीवर घडी, घडीवर घडी. मी म्हनलं, "बोला ना काही तोंडानं." तं म्हनते, "तू बोलूनच राहिली ना." झालं. असा नवरा असला का बायकोलेच आवाज काढा लागते.

तं ही गोष्ट माह्या सासूची हाये. पार्बताबाई. वय चौऱ्याहत्तर. माहेर नांदगाव खंडेश्वरचं, सासर भातकुलीचं. आमी माळी लोक, भातकुलीच्या रस्त्याले आमची भाजीची वाडी हाये. वांगे, भेद्रं, सांबार, हिवाळ्यात गोबी, अन् धुऱ्याच्या कडेनं झेंडू. भेद्रं म्हनजे टमाटे, सांबार म्हनजे कोथिंबीर अन् धुरा म्हनजे बांध, हे पुन्यामुंबईच्या लोकाइसाठी सांगून ठेवलं. नाईतं म्हनतीन का वऱ्हाडात सांबार झाडाले लागते.

माहे सासरे, गोवर्धन त्याइचं नाव, लवकर गेले. बुढीनं वाडीही पाह्यली अन् पोरगाही वाढवला. बुढी म्हनतो आमी, पन मायेनं. तोंडावर "आत्या" म्हनतो, तुमी-आमी करतो. बोलनं कमी. हात मात्र कधी रिकामे नाई. अन् त्या हाताची सगळ्यात मोठी करामत म्हनजे सरगुंडे.

सरगुंडे ज्याइनं खाल्ले नाई त्याइच्यासाठी सांगतो. बन्सी गव्हाचं पीठ घट्ट भिजवायचं, कुटून कुटून मऊ करायचं. मंग त्याची सुतळीएवढी बारीक लांब वळी काढायची अन् एका बारक्या काडीवर गुंडाळत जायची. गुंडाळून झालं का काडी हलक्या हातानं फिरवायची अन् ओढून घ्यायची. काडी बाहेर, वेटोळं खाटेवर. उन्हात वाळवले का वर्षभर पाह्यनं नाई. जावई आला का शिजवायचे, आंब्याचा रस टाकायचा, बस. सांगायले दोन मिनिटं लागतात. मी लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात माह्याच्यानं काडीसंगं सगळं वेटोळंच तुटून येत होतं. बुढीनं दोन दिवस पाह्यलं अन् म्हने, "राहू दे वं चंदा, तू वांगे तोड." तवापासून मी वांगेच तोडून राहिली.

आता हे सरगुंडे इटालियन हॉटेलात कसे पोचले ते आयका.

अमरावतीत कॅम्पात 'सोरेंतो' नावाचं हॉटेल हाये. चाळीस वर्षं झाले त्याले. खुशालराव म्हनून मानूस होता, गावचाच, पन तरनेपनी जहाजावर गेला अन् तिथं एका इटालियन भटारखान्यात राबला. परत आला तवा डोक्यात एकच खूळ, अमरावतीत इटलीचं जेवन विकायचं. लोक हसले. इथं मानसाले वरनावर तुपाची धार नसली तं जेवल्यासारखं वाटत नाई, अन् हा त्याइले मैद्याच्या नळ्या खाऊ घालनार! मुंबईहून पाकिटं मागवे, तं अर्धा माल वाटेतच भुगा होऊन येई. एका वैशाखात तो आमच्या वाडीवर भेद्रं घ्यायले आला. खाटेवर सरगुंडे वाळत होते. भेद्रं राहिले बाजूले, हा मानूस खाटेपाशी उकिडवा बसला अन् एक वेटोळं उचलून उन्हात धरून पाहत राहिला.

"हे कोनं केलं?"

बुढी तवा चौतिशीची. तिले वाटलं काही खोट काढते. "मी केलं. काहून?"

"बाई, नेपल्सच्या खाली एक गाव हाये. तिथल्या म्हाताऱ्या बाया लोखंडी सळीवर हेच करतात. हेच! मले दर आठवड्याले पायजे."

तवापासून चाळीस वर्षं, पावसापान्याचे दिवस सोडले तं दर सोमवारी सोरेंतोची गाडी वाडीवर येते अन् बुढीचे डबे घेऊन जाते. कधी गाडी आली नाई तं बुढी स्वतः डबे घेऊन जाई, हॉटेलच्या मागच्या दारानं. तिथला जुना वेटर पुंजाजी डबे उतरवून घेई, तिले कपभर चहा देई, अन् बुढी वापस. चाळीस वर्षांत ते हॉटेल समोरून कसं दिसते ते तिनं पाह्यलं नोतं. एकदा मले विचारते, "चंदा, ते लोक ह्याच्यावर रसच टाकत असतीन ना वं?" मी म्हनलं, "नाई आत्या, भेद्र्याचं कालवन टाकतात. लसूनगिसून घालून." दोन दिवस बुढी तोंड वाईट करून बसली होती. सरगुंड्यावर लसून! तिले ते एखाद्या देवाले मिरची वाहल्यासारखं वाटलं असन.

खुशालरावबद्दल मी वाकडं बोलनार नाई. मानूस सरळ होता. कालवन तो तिकडूनच शिकून आला होता, ते त्याचंच. पन सरगुंडे कोनाचे, हे तो कोनापासून लपवत नोता. दरसाल अखजीले, म्हनजे अक्षय तृतीयेले, आमच्या घरी जेवायले येई. पाटावर मांडी घालून बसे, रस-सरगुंडे वाटी वाटी भरून हाने, अन् जाताना दरसाल एकच बोले, "पार्बताबाई, एकदा समोरच्या दारानं येजा. टेबलावर बसजा. मी माह्या हातानं वाढीन." बुढी म्हने, "येईन ना बाप्पा. पोराचं होऊ द्या." पोराचं झालं. मंग नातीचं होऊ द्या. नातीचं होईलोक खुशालराव गेला. सहा वर्षं झाले त्याले. त्या दिवशी बुढी खाटेवर सरगुंडे तसेच टाकून बसून राहिली. म्हने, "मी गेली असती एकदा तं काय झालं असतं?"

बुढीची अजून एक गोष्ट सांगा लागते, नाईतं पुढचं समजनार नाई. कोनाच्याही घरी जेवायले गेली का घरधनी येऊन हात जोडून "करा सुरू" म्हनत नाई तवरलोक बुढी घासाले हात लावत नाई. आमच्याकडे पंगतीत तशी रीतच हाये, पन बाकीचे लोक आता भूक लागली का खातात. बुढी नाई. तिच्या भावाच्या नातवाच्या लग्नात नांदगावले बफे होता. लोक ताटं घेऊन उभ्यानं गिळून राहिले होते. अन् बुढी भरलेलं ताट हातात धरून अर्धा तास एका खांबापाशी उभी! मी म्हनलं, "आत्या, बफे हाये, इथं कोनी म्हनत नसते." तं म्हने, "म्हननार कसं नाई? त्याइच्या घरचं अन्न हाये. त्याइनं म्हनलं का ते माहं होते." शेवटी नवरीच्या बापाले मंडपातून ओढून आनलं. त्यानं बिचाऱ्यानं हात जोडले, "करा मामी सुरू," तवा बुढीनं घास घेतला. गार झालेली पुरी होती, पन पोटभर खाल्ली.

यंदा माही पोरगी अपेक्षा बडनेऱ्याले रेल्वेत लागली. तिकिटाच्या खिडकीवर. पहिला पगार झाला तशी म्हने, "आजी, आपन सोरेंतोले जेवायले जाऊ. समोरच्या दारानं." मी बुढीकडे पाह्यलं. मले वाटलं म्हनन, काहाले खर्च करते वं पोरी. तं बुढी म्हने, "रविवारी जाऊ. सोमवारचं पीठ शनिवारीच कुटून ठेवतो."

रविवारी सकाळपासूनच तिची तयारी. काठाचं लुगडं काढलं. तोंड धुतलं, मिसरी खळखळून टाकली. अन् वाडीतून झेंडू तोडून हार ओवला, चांगला जाड. मी म्हनलं, "हे काहाले?" तं म्हने, "खुशालरावच्या फोटोले. त्याच्या घरी पहिल्यांदा चालली, रिकाम्या हातानं कशी जाऊ?" तिच्या लेखी आमी हॉटेलात जातच नोतो. ज्या मानसानं तिले तीस-पस्तीस वर्षं आवतन दिलं, त्याच्या घरी ती पाव्हनी म्हनून चालली होती. मानूस नाई तं मानसाचा पोरगा तं हाये. गजेंद्र. लहानपनी बापासंगं आमच्या घरी येई, कोपरालोक रस माखून घेई. पुन्याले शिकला, तिकडंच राहिला, अन् बाप गेल्यावर येऊन गल्ल्यावर बसला.

भर दुपारी बाराले पोचलो. काचेचं दार. आत थंडगार. अन् समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा फोटो. मी म्हनलं खुशालरावचा असन. जवळ जाऊन पाह्यते तं एक गोरी बुढी! पांढरे केस, डोक्याले फडकं, हातात पिठाची परात, अन् दात काढून हसून राहिली. खाली इंग्रजीत काहीबाही लिवलं होतं.

बुढी हार हातात धरून इकडंतिकडं पाहत होती. "खुशालरावचा फोटो कुठी हाये?"

पुंजाजी धावत आला. बुढीले समोरच्या दारात पाहून त्याचा चेहराच उतरला. "फोटो... मागं हाये, ऑफिसात. आधी इथंच होता. नवा रंग दिला तवा हलवला." बुढीनं हार त्याच्या हाती दिला. "मंग तूच घाल त्याइच्या गळ्यात. सांग, आली म्हना पार्बता." पुंजाजीनं हार घेतला अन् मान खाली घालून आत गेला.

टेबलावर बसलो. अपेक्षानं जेवनाचं कार्ड उघडलं अन् वाचता वाचता थबकली. माय हावो मी तिची. मले लगेच समजलं.

"काय लिवलं वं?"

"काही नाई आई. असंच."

"वाच."

तिनं हळू आवाजात वाचलं. हॉटेल चाळीस वर्षांचं. मालकाच्या वडिलांना नेपल्सच्या नोन्ना रोझानं स्वतःच्या हातानं शिकवलेला पास्ता. नोन्ना म्हनजे आजी. आजही त्याच पद्धतीनं, आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्या शेफच्या हातानं वळलेला.

माही तळपायाची आग मस्तकात गेली. कोनती नोन्ना? कोनता शेफ? चाळीस वर्षं उन्हाळ्याच्या उन्हात खाटेपाशी बसून जिच्या बोटाचे पेर वाकडे झाले ते कोन मंग? तो फोटो तं कोनत्याही मोबाईलात सापडते, अपेक्षानंच सांगतलं. पैसे देऊन आनलेली आजी!

बुढी विचारते, "काय म्हने?" अपेक्षा सांगे ना. धर्मेंद्रनं रुमालाची पहिली घडी घातली. मंग मीच सांगतलं, सगळं सांगतलं. लपवून काय करायचं? बुढीनं मान वळवून त्या फोटोकडे लय वेळ पाह्यलं.

"हात पाह्य तिचे," म्हने. "ह्या बाईनं कधी कनीक मळली नाई." एवढंच. रागबिग काही नाई. "जाऊ दे. पोट्टं हाये. लोकाइले दाखवायले करा लागत असन. येईन तो, म्हनन."

म्हनन, म्हनजे "करा सुरू" म्हनन. बुढीचा जीव तेवढ्यातच अडकला होता. नाव नको, फोटो नको. त्या घरच्या मानसानं एकदा समोर येऊन हात जोडावं, का तिचं चाळीस वर्षांचं आवतन पुरं झालं.

ताटं आली. चिनीमातीची मोठी बशी, मधोमध मूठभर सरगुंडे, वर लाल कालवन अन् हिरवं पान. सरगुंडे आपलेच. मी त्याइले हजारात वळखीन, बुढीच्या वेटोळ्याले शेवटी एक आटी जास्तीची असते. अपेक्षानं काटा उचलला अन् आजीकडे पाहून खाली ठेवला. आमी कोनीच खाल्लं नाई. बुढी दोन्ही हात मांडीवर घेऊन सरळ बसलेली, नजर गल्ल्याकडे.

बाजूच्या टेबलावर नागपूरचे दोघं होते, एक पोट्टी अन् एक पोट्टा. मोबाईलवर जेवनाचे व्हिडिओ टाकतात म्हने, लाखो लोक पाहतात. गजेंद्र त्याइच्यापाशीच उभा होता. पांढरं शर्ट, हसू कानालोक. "नोन्नाचं म्हणणं असायचं, पीठ तुमच्याशी बोलतं." मी कपाळावर हात मारला. पीठ बोलतं! त्या पोट्टीनं मोबाईल धरला होता अन् हा हात हलवून हलवून सांगून राहिला होता.

मंग तो एकेका टेबलाले गेला. "कसं वाटलं? आणखी काही हवं?" हसनं, वाकनं, पुढं. आमच्या टेबलाच्या दोन टेबलं अलीकडे आला, मान वर केली, बुढीले पाह्यलं. वळखलं त्यानं. चांगलं वळखलं. अन् तिथल्या तिथं मागं वळला.

बुढी म्हने, "कामात असन. थांबू." बशीतल्या कालवनावर तेल गोठायले लागलं होतं.

थांबनं माह्या स्वभावात नाई. मी उभी राहिली अन् भाजीबजारात हाक मारतो तशी हाक मारली, "गजेंद्र!" सगळ्या हॉटेलानं माना वळवल्या. अपेक्षा पदर ओढून राहिली, "आई, हळू ना." मी काहून हळू बोलू?

आला बापा तो, चेहऱ्यावर ते हसू तसंच ठेवून. खाली वाकून, बारीक आवाजात म्हनते, "अरे मावशी! तुम्ही इकडून कशा आलात? निरोप पाठवायचा ना, मागे बसायची नीट सोय केली असती. आज जरा पाहुणे आहेत. पुंजाजी, मावशींची ताटं मागच्या खोलीत लाव."

बुढी म्हने, "तुहा बाप म्हने, समोरच्या दारानं ये."

"हो, बाबांचं काय," तो हसला. "बाबा कोणालाही काहीही बोलायचे."

बुढीचा चेहरा पाह्यला असता तुमी! चाळीस वर्षं जे बोलनं तिनं उशाशी घेऊन ठेवलं होतं, त्याची ह्या पोट्ट्यानं दोन शब्दात वाट लावली. त्या नागपूरच्या पोट्टीनं तिकडून विचारलं, "एव्हरीथिंग ओके?" तं हा मागं वळून म्हनते, "हो हो, आमच्या भाजीवाल्या आहेत."

"भाजीवाली मी!" मी म्हनलं. "ही नाई. ही कोन हाये ते सांग ना त्याइले. चाळीस वर्षं तुह्या बशीत काय पडते अन् कोनाच्या हातचं पडते, सांग. का मी सांगू? अन् बोलाव तुह्या त्या गोऱ्या बुढीले भिंतीवरून खाली. दे तिच्या हाती काडी. म्हना दोन सरगुंडे वळून दाखव, इथंच, ह्या टेबलावर. आमी सगळे पाहतो. लाज वाटत नाई का रे? माह्या घरी जेवून जेवून मोठा झाला अन् माह्याच सासूले मागच्या खोलीत बसवते!"

कोन्या लेकराच्या हातून चमचा पडला. ती नागपूरची पोट्टी उठून आली. चांगली होती बिचारी. बुढीकडे पाहून गजेंद्रले विचारते, "म्हणजे हा पास्ता यांनी बनवलाय?"

तिथं तो एक शब्द बोलला असता ना, "हो" एवढाच, तं मी त्याचे पाय धरून माफी मागतली असती. खरं सांगतो. बुढी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. आताही तिले वाटत होतं का म्हनन.

"नाही नाही," गजेंद्र म्हने. "पूर्वी कधीतरी, थोडंफार."

बुढी उठली. बशीले हात जोडले, कपाळाले लावले. अन्नाची माफी मागतली तिनं. मंग लुगड्याचा काठ सावरून काचेच्या दाराकडे चालायले लागली. मी पंचवीस वर्षं झाले ह्या घरात आली, भरल्या ताटावरून तिले कधी उठताना पाह्यलं नोतं. सासरे गेले त्या वर्षीच्या दुष्काळात तिनं भाकरीचा तुकडा वाटून खाल्ला म्हनतात, पन ताटावरून उठली नाई.

अपेक्षानं बिल भरलं. मी म्हनलं, काहाले भरते, तं म्हने, "आई, खाल्लं नसलं तरी मांडलं तं होतं." पोरगी आजीवर गेली. बाहेर पुंजाजी धावत आला, "पार्बताबाई, बांधून देऊ का?" बुढी नुसती मान हलवून रिक्षात बसली. घरी येऊन चटनी-भाकर खाल्ली अन् भेद्र्याले पानी द्यायले गेली.

मी आठ दिवस धुमसत होती. येईल त्याले सांगत होती. बुढीले म्हनलं, "तुमाले राग कसा येत नाई?" शनिवारी कुटून ठेवलेलं ते पीठ तिनं सोमवारी काढलं अन् आमच्याच घरासाठी त्याच्या पोळ्या करा म्हने. दुपारी सोरेंतोची गाडी आली. बुढीनं ड्रायव्हरले पानी पाजलं अन् गाडी रिकामी धाडली. दुसऱ्या सोमवारीही रिकामी. तिसऱ्या सोमवारी गाडी आलीच नाई. पुंजाजीचा फोन आला होता, का मालकानं पाकिटाचा माल आनला अन् जुने गिऱ्हाईक बशा तशाच ठेवून उठून राहिले. मले असा आनंद झाला का मी त्या दिवशी भेद्रं सस्त्यात विकले.

अन् मंग एके दुपारी गजेंद्र स्वतः आला. मोठी गाडी धुऱ्यापाशी लावली, हातात पेढ्याचा डबा अन् काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मी विळा घेऊनच पुढं झाली. "आलं का तोंड वर करून? मागच्या दारानं ये, समोरून पाहुने येनार हायेत आमचे!"

मागून बुढीचा आवाज आला, "चंदा, पाट मांड. पाव्हना हाये. जेवायची येळ हाये."

मी म्हनलं, "आत्या!"

"पाट मांड."

मांडला. दातओठ खात मांडला. घरातले सरगुंडे होते, तिनं शिजवले. आंबे घोळले, रस काढला. मले म्हने वाढ. माह्या हातानं, त्या मानसाच्या ताटात! वगराळं भरून टाकताना मनात काय काय आलं ते सांगायसारखं नाई. ताट भरलं. गजेंद्र हात मांडीवर घेऊन बसला होता, त्याले बहुतेक लाज वाटत होती. बुढी त्याच्या समोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात जोडले.

"कर बापा सुरू."

तो जेवला. पयले लाजत, मंग हातानं, मंग मनगटालोक रस लावून. बुढी म्हने वाढ, मी वाढलं. तो नको म्हने, बुढी म्हने "अजून एक वाटी, माह्यासाठी," मी वाढलं. तीनदा वाढलं. ताटात एक तुकडा राहू दिला नाई त्यानं.

जेवन झाल्यावर त्यानं तो कागद सोडला. फ्रेम होती. आत बुढीचाच फोटो, कधीतरी डबे उतरवताना पुंजाजीनं मोबाईलात काढलेला, मोठा केलेला. खाली लिवलं होतं, 'नोन्ना पार्बता'. "मावशी, चुकलं माझं," तो म्हने. "तो फोटो काढला मी. हा लावतो. कार्ड नवीन छापतो, तुमचं नाव घालून. सगळ्यांना सांगतो. सोमवारी गाडी पाठवू ना?"

मले वाटलं जिंकलो आपन. लपवत नाई, छाती फुगली माही. मी बुढीकडे पाह्यलं.

बुढीनं फ्रेम हातात घेतली, पदरानं काच पुसली अन् त्याच्या बाजूले ठेवून दिली.

"नाई," म्हने.

गजेंद्र पुन्याचं बोलनं विसरला. "काहून पन, मावशी?"

"तुह्या बापाच्या घरून मी उपाशी उठली, गजेंद्र."

तो हात रसानं भरलेले तसेच समोर धरून बसून राहिला. बुढी मले म्हने, "चंदा, त्याच्या हातावर पानी टाक."

मी टाकलं.